बिनभाकऱ्या मामा

जाफराबादच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दुपारी लिलाव थांबतो आणि हमालांचे डबे उघडतात. आमच्या टोळीत सहा जण. लिंबाखाली रिकामी पोती अंथरून गोल बसायचं, मधे ठेचा आणि कांदा ठेवायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या फडक्यातली भाकरी मांडीवर घ्यायची. मामांचं फडकं सोडलं की वर एकच भाकरी असायची. ती ते उचलायचे, कपाळाला लावायचे आणि उठून मोंढ्यात मोकळ्या फिरणाऱ्या तांबड्या बैलाला घालून यायचे. मग बसून चार उकडलेली अंडी सोलायचे, मेथीच्या भाजीवर मूठभर शेंगदाण्याचा कूट टाकायचे, तांब्याभर ताक मीठ घालून प्यायचे आणि आमच्या भाकऱ्यांकडं दयेनं बघायचे.

तीस वर्षं ज्यांनी ज्वारी, गहू, बाजरी आणि मका पाठीवर वाहिला, त्यांनी त्यातला दाणाही तोंडात घालायचा नाही असं ठरवलं होतं. मोंढा म्हणजे काही मनात ठेवणाऱ्यांची जागा नाही. आठवड्याच्या आत त्यांचं नाव बिनभाकऱ्या मामा पडलं आणि ते त्यांनी हसत घेतलं. कुणी आडत्या चेष्टेनं म्हणाला, "मामा, ज्याचं वाहता त्याचं खात न्हाई म्हंजी काय?" तर ते म्हणायचे, "शेट, तुम्ही सिमेंटची पन एजन्सी चालवता. खाता का?"

त्या एका भाकरीची हकिकत अशी. मामींचा हात भाकरीशिवाय डबा बांधायला तयारच होईना. "मोंढ्यात धा मानसं बगत्यात. म्हनतील, बाईनं चूल पेटवली न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मामा म्हणाले, घाल. दोघांचं भांडण असं मिटलं आणि बैलाची रोजची सोय झाली. पुढं पुढं तो बैल दीड वाजायच्या आधीच लिंबाखाली येऊन उभा राहायचा आणि मामांना उशीर झाला तर दुसऱ्यांच्या डब्यात तोंड घालायचा.

आमच्याकडं भेटल्यावर माणूस विचारतो, "भाकर खाल्ली का?" मामा उत्तर द्यायचे, "न्हाई. पन जेवलो." पाहुण्यारावळ्यांत त्यावर अर्धा तास जायचा. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला अडवायचे, पोळी नको, भात नको, बुंदी नको, वांग्याची भाजी दोनदा आण आणि ताकाची बादली इथंच ठेव. आष्टीला भाचीच्या लग्नात तिचे सासरे हात जोडून उभे राहिले, म्हणाले, आमचं काही चुकलं का? मामांनी त्यांना शेजारी बसवलं आणि साखर म्हणजे काय ते सांगितलं. सांगून झालं तेव्हा सासरेबुवांच्या पुढ्यातली बुंदी तशीच होती.

दर सोमवारी लिलावाच्या आधी मामा धान्याच्या काट्यावर चढायचे. चपला काढायच्या, डोक्यावरची पोत्याची खोळ काढायची, छातीवरचा हमालाचा पितळी बिल्ला काढून माझ्या हातात द्यायचा. मापाडी मालाचा पुकारा करावा तसा ओरडायचा, "नग एक, किलो एक्क्याऐंशी, माल वाळलेला, माती न्हाई." ब्याण्णववरून ते तिथवर आले होते. पोट गेलं होतं, मानेखालचा पट्टा मात्र तसाच जाड राहिला होता. खाली उतरून बिल्ला परत लावताना ते दरवेळी तो शर्टाच्या बाहीला पुसायचे.

हे सगळं मी आता कौतुकानं लिहितो आहे. तेव्हा माझं वागणं कौतुकाचं नव्हतं, तेही लिहायला पाहिजे. मी त्या टोळीचा मुकादम. बी. ए. झालो, दोन वर्षं अर्ज करत फिरलो आणि वडील थकले तेव्हा त्यांचा बिल्ला माझ्या छातीवर आला. शिकलेला म्हणून टोळीनं लवकरच मला मुकादम केलं. मुकादम झालो म्हणून पाठ सुटत नाही, आमच्यात तोही इतरांच्या बरोबरीनं वाहतो. पण बोलायचा अधिकार त्याचा, आणि मला बोलायला आवडायचं.

मामांच्या घोट्याला पोती ओढायच्या हुकाचा ओरखडा लागला होता. दोन महिने झाले तरी भरेना. सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, भाकरी, पोळी, भात निम्म्यावर आणा, गोड बंद. मी बरोबर गेलो होतो. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "म्याडम, मला निम्मं जमत न्हाई. पोतं एक तर उचलायचं न्हाई तर ठिवायचं. मधीच धरून मानूस किती टाइम उभा राहील?"

बाईंनी त्यांना खूप समजावलं. असं एकदम करायचं असेल तर गोळ्या कमी कराव्या लागतील, पंधरा दिवसांनी येऊन दाखवावं लागेल, आणि खिशात गुळाचा खडा कायम ठेवायचा. घाम सुटला, हात कापले, तर साखर उतरली समजून तो खायचा आणि खाली बसायचं. मामांनी सगळं मान्य केलं. खिशात गूळ ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी सोडली.

सोडली म्हणजे फक्त सोडली. तिच्या जागी दुसरं काही घातलंच नाही. पहिले पंधरा दिवस गडी दोन वाट्या पालेभाजीवर कट्टे उचलत होता. पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ते मधेच थांबायला लागले. ज्यांनी तरुणपणी क्विंटलचं पोतं मानेवर घेऊन वर बघून गप्पा मारल्या, ते कट्टा ठेवून भिंतीला हात लावून उभे राहायला लागले. मला ते बघवत नव्हतं आणि मला भीतीही वाटत होती. आदल्या वर्षी आमच्यातला एक जण चक्कर येऊन फळीवरून घसरला होता आणि त्याचा कट्टा मागच्याच्या नडगीवर पडला होता. ती नडगी अजून सरळ झालेली नाही. तेव्हाच मी नियम केला होता की गाडी भरता भरता जो रचलेल्या थप्पीवर बसेल, त्यानं बिल्ला मुकादमाकडं द्यायचा आणि पुन्हा पाठीवर घ्यायचं नाही.

मामा अजून बसले नव्हते. बसायच्या आतच मी त्यांना चाळणीवर पाठवलं. आमच्याकडं माल चाळायचं काम बायका करतात. पन्नाशी ओलांडलेला, मोंढ्यात नाव असलेला माणूस मी टोळीसमोर बायकांच्या रांगेत नेऊन बसवला आणि वर म्हणालो, "मामा, भाकर खा, मंग गाडीवर या." त्यांनी मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते चाळणी हातात घेऊन बसले, पहिली खेप चाळली आणि मग म्हणाले, "दिवाळीनंतरची पह्यली मोठी गाडी मी भरनार. बसलो तर बिल्ला काढून तुझ्या हातात देईन. न्हाई बसलो तर फिरून ह्या चाळणीचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई. बराबर?" मी बराबर म्हणालो. मामांचे वडीलही ह्याच मोंढ्यात हमाल होते. बिल्ला गेला असता तर मामा मोंढ्याच्या फाटकातून परत आत आले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी दाखवायला गेले तेव्हा बाईंनी त्यांना झापलं. भाकरी सोडायची म्हणजे जेवण सोडायचं नाही, म्हणाल्या. अंडी खा, मटण खा, दही, पनीर, शेंगदाणे, खोबरं, पोटभर खा, आणि घाम गाळता तर ताकात मीठ घाला. मामांना हे जेवण पसंत पडलं. घरी चार शेळ्या आणि आठ-दहा कोंबड्या होत्याच. महिनाभरात त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि घोट्याची जखम सुकली.

मग त्यांनी अंगणात एका कट्ट्यात माती भरली. रोज सकाळी तो उचलून गोठ्याला फेऱ्या मारायच्या आणि दर आठवड्याला त्यात एक घमेलं माती वाढवायची. मामी मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "मुकादम, तुमच्या गाडीपायी माझ्या अंगनात खड्डा पडून राह्यलाय. कालच्याला शेळी पडल्ती त्यात." त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि धाक जास्त होता. मी मान खाली घालून निघून आलो.

सगळं सुरळीत चाललं असताना मधेच मामांची साखर उसळली. बाई चक्रावल्या. मी तेव्हाही बरोबर होतो, कारण चाळणीवर बसवल्यापासून माझं मन मला खात होतं आणि दवाखान्यात जाऊन मी ते शांत करत होतो. बाईंनी विचारलं, काल काय खाल्लं? मामा म्हणाले, "काल काय खायचं? चतुर्थी व्हती. राजूरला गेल्तो गनपतीला. दिवसभर उपास."

"उपासाला काय खाल्लं?"

"उपासाला काय खात्यात? उपासाचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकेक पदार्थ विचारला. तेव्हा बाहेर आलं की राजूरला साबुदाण्याची खिचडी दोन प्लेट झाली होती. नंतर गुळातली रताळी, येताना जीपमध्ये बटाट्याचा चिवडा आणि केळी. घरी येऊन भगर. चंद्र बघून उपास सोडताना मात्र भाकरीला हात लावला नव्हता, हे मामांनी अभिमानानं सांगितलं. बाई कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, महिनाभर सोडलेली सगळी भाकरी तुम्ही एका दिवसात परत खाल्लीत.

आता हसू येतं, पण खरं सांगतो, मलाही तोवर कळलं नव्हतं. टोळीत सांगितलं तर तिथंही कुणाला कळेना. उपासाचं खाणं हे खाणं असतं असं आमच्यापैकी कुणी आयुष्यात धरलंच नव्हतं. पुढच्या चतुर्थीला राजूरच्या जीपमध्ये मामांनी मांडीवर दही, काकडी आणि भाजलेले शेंगदाणे घेतले. शेजारचा म्हणाला, देवाला साबुदाणा चालतो की. मामा म्हणाले, "देवाला चालतो. मला चालत न्हाई. देव समजून घेईल, साखर न्हाई घेत."

ते कुणाच्या मागं लागले मात्र नाहीत. आमच्यातल्या सगळ्यांत तरुण पोरानं त्यांचं बघून आठ दिवस भाकरी सोडली आणि दंड दाखवत फिरला. नवव्या दिवशी चक्कर यायला लागली तेव्हा मामांनी त्याच्यापुढं स्वतःच्या डब्यातली बैलाची भाकरी ठेवली. "तुला साखर न्हाई, तुझ्या बापाला न्हाई. तुला कशाला पायजे माझं औषध? खा गप," म्हणाले. त्या दिवशी बैल उपाशी राहिला.

दिवाळी झाली आणि सोयाबीनची मोठी गाडी लागली. तीनशे कट्टे, आम्ही सहा जण, प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास. आभाळ भरून आलं होतं आणि माल उघड्यावर होता, म्हणून व्यापारी मिनिटामिनिटाला वर बघत होता. मामा सकाळी आले ते थेट फळीपाशी. त्यांनी खोळ डोक्यावर घेतली, फळी पायानं दाबून बघितली आणि माझ्याकडं न बघता पाठ वाकवली. पहिला कट्टा मीच त्यांच्या पाठीवर दिला.

चाळणीवरच्या बायकांनी हात थांबवले होते. शेजारच्या टोळीतले दोघे-तिघे बिडी प्यायच्या निमित्तानं येऊन उभे राहिले. मामा चढले, थप्पी लावली, उतरले. दहा झाले, वीस झाले. त्यांची चाल ना वाढली ना कमी झाली. तरुण पोरं पहिले वीस पळत वाहतात आणि मग कंबर धरतात. मामा बसस्टँडवर निघाल्यासारखे चालले होते. पंचवीस झाल्यावर त्यांनी उभ्या उभ्या मिठाचं ताक प्यायलं, ओठ पुसले आणि म्हणाले, "चला, जल्दी. आभाळ थांबनार न्हाई." ज्याला मी चाळणीवर बसवलं होतं त्याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज वाटायचीही विसरलो.

माझी स्वतःची हालत मात्र बरी नव्हती. दिवाळीपासून तहान भागत नव्हती. फराळ झाला असेल, असं मी मनाला सांगत होतो. त्या सकाळी करंज्या आणि शंकरपाळे खाऊन, तीन कप चहा पिऊन आलो होतो. दोनदा लघवीला गोदामामागं जाऊन आलो होतो. छत्तिसावा कट्टा ठेवला आणि पायांतलं सगळं बळ गेलं. डोळ्यांपुढची थप्पी पुसट झाली. मी ठरवून बसलो नाही, पण बसलो. भरत असलेल्या गाडीवर, थप्पीवर, सगळ्यांच्या देखत.

मामा कट्टा घेऊन माझ्या मागंच होते. त्यांनी तो माझ्या शेजारी ठेवला आणि वाकून माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांचा हात खिशात गेला. बोटांत गुळाचा खडा आला, आणि तिथंच ते थांबले.

"तहान लागती का लई?"

"व्हय."

"रातच्याला किती येळा उठतोस?"

"चारदा तरी."

त्यांनी गूळ परत खिशात टाकला. खालून पाण्याची कळशी मागवली, मला हळूहळू प्यायला लावली, दंडाला धरून फळीवरून उतरवलं आणि लिंबाच्या बुंध्याला टेकवून बसवलं. मग परत फळीकडं गेले. स्वतःचे पन्नास झाले. माझे चौदा राहिले होते. दोघा-तिघांनी पुढं होऊन हात घातला, तर मामांनी खोळ सारखी केली आणि म्हणाले, "व्हा बाजूला." चौदाही त्यांनी एकट्यानं वाहिले. शेवटच्या चार खेपांना त्यांचे पाय जड पडत होते, ते मला बुंध्याखालून दिसत होतं. ताडपत्री बांधली तेव्हा पहिले थेंब पडले.

टोळी लिंबाखाली आली. नियम सगळ्यांना पाठ होता आणि तो कुणाचा होता हेही पाठ होतं. व्यापाऱ्याचा माणूस विचारत आला, मधे गाडी का थांबली होती, कोण बसलं होतं? मामा म्हणाले, "कोन न्हाई. मुकादम पानी पेत व्हता."

ते मला सोसलं नाही. मी बुंध्याला धरून उठलो, छातीवरचा बिल्ला काढला आणि म्हणालो, "मी बसलो. नियम माझाच हाय. मामा, तुम्हाला चाळणीवर बसवलं ते माझं चुकलं." आणि बिल्ला पुढं धरला. वडिलांचा बिल्ला होता.

मामांनी तो घेतला. घामानं ओल्या झालेल्या बाहीवर दोन्ही बाजूंनी पुसला, अंगठ्यानं त्याच्यावरचा नंबर चाचपला आणि माझ्या शर्टाला परत लावायला लागले. बोटं थकलेली होती, पिन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली.

"उद्या सकाळी दवाखान्यात येतो तुझ्यासंगं," ते म्हणाले. "उपाशी पोटी ये. चहा पिऊन आलास तर वापस पाठवीन."